मधली पट्टी

परवा आमच्या स्वयंपाकघराच्या नव्या सरकत्या खिडकीच्या कडा बुजवायला माणूस आला होता. दिवाळीच्या आत हे एक काम उरकायचंच, असा सुनेचा धोशा. त्याने हातातल्या बंदुकीचा घोडा दाबला, फटीवरून सिलिकॉनची लांबलचक पारदर्शक रेघ ओढली, आणि बघता बघता घरभर तो वास पसरला. आंबट, नाकात घुसणारा, चायनीजच्या गाडीवर मिरच्यांची बाटली उघडल्यावर येतो तसा. सून ओढणी नाकाला लावून बाहेर गेली. नातीने विचारलं, "आजी, तुझं लोणचं नासलं का गं?" मी खुर्ची ओढली आणि खिडकीपाशी जाऊन बसले. लोकांना मोगऱ्याच्या वासाने जुने दिवस आठवतात. माझ्या नशिबी सिलिकॉन आलं.

घट उठले की आमच्या मुरुडला एक विचित्र मधला काळ सुरू होतो. पाऊस गेलेला असतो, पण त्याने कुणाला सांगितलेलं नसतं. विहिरी काठोकाठ, कुंपणावर शेवाळ हिरवंगार, आणि वर ऊन मात्र वैशाखाचं. सकाळी मतलई सुटते. डोंगराकडून समुद्राकडे जाणारं ते वारं कापलेल्या भाताचा वास घेऊन माडांतून जातं. दुपारी वारं उलटतं आणि काठ्यांवर टांगलेल्या बोंबलांचा वास घरात शिरतो. गावातले लॉजवाले भिंतींना रंग काढतात, गाद्या उन्हात घालतात, दिवाळीला मुंबई-पुण्याची माणसं यायची म्हणून. आणि पस्तीसएक वर्षांपूर्वीच्या त्या एका ऑक्टोबरात या सगळ्या वासांवर मात करून आमच्या पडवीतून व्हिनेगरचा वास रस्त्यावर जात असे. आमच्या पडवीत माशांच्या काचेच्या पेट्या बनत होत्या.

ज्या गावात मासा म्हणजे तव्यावरची गोष्ट, तिथे बघायला मासे ठेवायचे! कोळणी टोपल्या घेऊन दारावरून जाताना थांबत, पेटीत डोकावत आणि विचारत, "वैनी, हे खात न्हाय तं पालता कशाला?" सासूबाईंचा सल्ला वेगळा होता. "एवढी मोठी पेटी केलीस, तर त्यात एक सुरमई तरी ठेव. पावणे आले की उपयोगाची." मी दोघींकडेही दयेने बघत असे. तेव्हा मी पस्तिशीची होते आणि मला सगळं कळत होतं. त्यानंतर दर वर्षी थोडं थोडं कळेनासं होत गेलं. आता सत्तरीला टेकताना बरीच मोकळी झाले आहे.

पेट्या अर्थात मी बनवत नव्हते. बनवत होता यासीन. आमच्याच आळीच्या टोकाला त्याचं घर. बारा वर्षं आखातात होता. तिथे मोठ्या लोकांच्या दिवाणखान्यांत भिंतीएवढ्या पेट्या बसवायचं काम त्याने केलं होतं. परत आला तेव्हा टेपरेकॉर्डर, घोंगड्यांसारखी जाड ब्लँकेटं आणि अत्तर यांच्याबरोबर बॅगेत एक काच कापायचा हिरकणीचा तुकडा आणि सिलिकॉनची बंदूक होती. बायको जुबेदा त्या बंदुकीवर नाराज होती. मुलगी रुबीना चार वर्षांची. बाप दोनदा रजेवर आला तेवढाच तिने पाहिलेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा ती त्याला "तुम्ही कुठे उतरलात?" असं विचारत होती म्हणे, लॉजवर आलेल्या पाहुण्याला विचारावं तसं. ते ऐकून त्याने ठरवलं की आता परत जायचं नाही.

त्याच्याकडे हात होते आणि माझ्याकडे पडवी. आमची पडवी सपाट कोब्याची, सावलीची, धूळ न येणारी. शिवाय माझ्याकडे तोंड होतं. हे एसटी स्टँडवर कंट्रोलर होते, घरात शांतता पाळत. मला बोलायला गिऱ्हाइकं हवी होती, यासीनला गिऱ्हाइकांशी बोलणारं कुणी तरी हवं होतं. तो मापं घेई, कापी, जोडी. मी गप्पा मारी, ऑर्डर आणी आणि प्रत्येकाला सांगे, "आम्ही बनवतो." आम्ही! माझं काम काचा स्पिरिटने पुसण्यापलीकडे गेलेलं नव्हतं.

पण ते पुसणंही सोपं नसे. यासीनचा पहिला नियम होता तेलाचा. "वैनी, खोबरेल लावून काचेजवळ याचा न्हाय. बोटाचा एक ठसा लागला तरी जोड धरत न्हाय." माडांच्या गावात हा नियम! आमच्याकडे केसांना तेल, हातापायांना तेल, दाराच्या बिजागरीला तेल. मी सीझनभर डोक्याला तेल लावणं सोडलं. माझं डोकं झाडूसारखं झालं. सासूबाई शेजारणींना सांगत, "हिने सुतक धरलंय, कुणाचं ते सांगत नाही." मला मात्र त्या कोरड्या केसांचा अभिमान वाटे. कलावंताने काही तरी सोडावं लागतं, असं मी मनात म्हणत असे.

सिलिकॉन वाळतं कसं, हे त्याने मला एकदा दाखवलं होतं. हवेतला ओलावा पिऊन ते घट्ट होतं, बाहेरून आत. तासाभरात वर साय धरते, बोट लावलं तर चिकटत नाही, माणसाला वाटतं झालं काम. आत मात्र ते आठवडाभर कच्चंच असतं. मी तेव्हा मान डोलावली होती. आज वाटतं, त्या पडवीत अशा दोन वस्तू होत्या. एकीला यासीनने बोट लावून पाहिलं, दुसरी मान डोलावत होती.

त्या वर्षी किनाऱ्यावरच्या एका लॉजची ऑर्डर आली. मालकांना सगळे शेठ म्हणत. त्यांना स्वागताच्या दालनात, जिन्याखाली, सहा फूट लांबीची पेटी हवी होती. गावात एवढी मोठी पेटी कुणी पाहिलेली नव्हती. ती दिवाळीत नीट उभी राहिली की बाकीचे लॉजवाले मागे येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि नेमकं त्याच आठवड्यात यासीनला एजंटाचा निरोप आला. जुन्या मालकाने पुन्हा बोलावलं होतं, पाच वर्षांचा करार. धनत्रयोदशीच्या आत हो किंवा नाही कळवायचं होतं. जुबेदाने मला विहिरीवर हळूच सांगितलं, "ही पेटी चांगली झाली तं र्‍हातील, वैनी. मना त्यांनी तसा सांगितलाय. तोवर मेडिकल करून ठेवतात, एवढाच."

म्हणजे एका घरातला बाप त्या पेटीत होता. हे मला तेव्हा नीट कळलं होतं. म्हणूनच पुढचं सांगायला आजही जीभ अडखळते.

पेटी जोडून झाली. दहा मिलीमीटरच्या काचा, उभ्या चार, तळ एक. वरच्या कडेला आतून लांब पट्ट्या, आणि मधोमध, पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत, एक वीतभर रुंदीची आडवी पट्टी. जडशीळ वरवंटा ठेवावा अशी ती तिथे बसलेली मला दिसे. एवढी सुंदर स्वच्छ पेटी, आणि वर मध्येच हा आडवा पाट! ती आठ दिवस सुकू दिली आणि मग यासीन आखाताच्या मेडिकल तपासणीसाठी मुंबईला गेला. जाताना म्हणाला, "मी येईपर्यंत पाणी भरू नका. येताना लाइट घेऊन येतो."

तो गेला आणि दुसऱ्या दिवशी शेठ आले. पेटीभोवती फिरले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "बाई, जिन्यावरून उतरणाऱ्या माणसाला वरून ही पट्टीच दिसणार. ही अशीच राहणार काय?"

आता बघा. "विचारून सांगते," एवढे दोन शब्द होते. पण ते शब्द माझ्या तोंडात कधी बसलेच नाहीत. मी हसले आणि म्हणाले, "छे छे, ती कायमची नाही हो. टेकू आहे तो. वाळलं की काढायचा."

मला ते खरंच तसंच वाटत होतं. शेठच्याच लॉजवर त्या दिवसांत वरचा स्लॅब टाकला होता. गवंड्यांनी खाली बांबूंचं रान उभं केलेलं मी पाहिलं होतं, आणि स्लॅब वाळल्यावर ते बांबू काढलेलेही. आमच्या वाडीत केळीला घड लागला की टेकू देतात, घड उतरला की टेकू निघतो. ज्या बाईने जन्मभर टेकू लागताना आणि निघताना पाहिले, तिला दुसरं काय सुचणार? काचा ओल्या असताना आत पडू नयेत म्हणून ही पट्टी मध्ये अडकवली, इतकं स्वच्छ गणित होतं माझं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, केसांना तेल न लावता, मी कामाला बसले. यांच्या गळाची तंगूस घेतली, मासे पकडायची ती नायलॉनची बारीक दोरी. ब्लेडने सांध्याला खाच पाडली, तीत दोरी घातली आणि करवतीसारखी ओढायला लागले. एक टोक सुटलं, मग दुसरं. पट्टी अलगद उचलून भिंतीला लावली. मग तिच्यावरचा आणि पेटीवरचा सिलिकॉनचा कण न् कण खरवडला आणि सगळं स्पिरिटने लखलखीत पुसलं. माझ्या टापटिपीची आळीत ख्याती होती. मी उभी राहून पाहिलं. आता कशी पेटी दिसत होती! आणि ती कौतुकाने बघण्यासारखी व्हावी म्हणून नळी लावून काठोकाठ पाणीही भरलं. म्हटलं, यासीन येईल आणि बघतच राहील.

तो आला आणि बघतच राहिला. हातातली लाइटची खोकी खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही.

मग तो पडवीच्या कोपऱ्यात गेला, आपली सहा फुटी सरळ लाकडी पट्टी घेऊन आला आणि पुढच्या काचेला आडवी लावली. रिकाम्या पेटीला ती कशी इकडून तिकडपर्यंत चिकटून बसे. आता ती मधोमध टेकली, आणि दोन्ही टोकं झुलायला लागली. टोकाशी काच आणि लाकूड यांच्यामध्ये पेन्सिल जाईल एवढी फट. त्या स्वच्छ, सुंदर, कुठेही न तडकलेल्या काचेला पोट आलं होतं. काच वाकते, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. काच एक तर असते किंवा फुटते, अशी माझी समजूत.

"मागं व्हा," तो म्हणाला. "सासूबायना आत न्या."

त्याने नळीने पाणी माडांच्या आळ्यात सोडलं. पाणी उतरत होतं आणि पडवीत फक्त नळीचा खळखळाट. सहाशे लिटर पाणी किती वेळ वाहतं, ते मला तेव्हा कळलं. पाणी अर्ध्यावर आल्यावर त्याने विचारलं, "मधली पट्टी कुठाय?"

"सुटली," मी म्हणाले.

"सुटली म्हंजे?"

"सुटली म्हणजे सुटली. पुसत होते, हात लावला, तर हातातच आली."

खोटं बोलायचं मी काही ठरवलं नव्हतं. खोटं कधी ठरवून येतं? ते जिभेच्या टोकावर कपडे घालून तयार बसलेलं असतं. आणि मला वाटलं, एवढंसंच तर आहे. पट्टी पुन्हा लावू, झालं.

त्याने भिंतीपाशी जाऊन पट्टी उचलली. उन्हात धरली, उलटी केली. अंगठा फिरवला. त्यावर सिलिकॉनचा लवलेश नव्हता. मग पेटीच्या कडेवरून बोट फिरवलं. तिथेही लख्ख. त्याने पट्टी पुन्हा भिंतीला टेकवली. मग हळू आवाजात म्हणाला, "जोड ताणानं तुटला, तं अर्धा सिलिकॉन इकडं र्‍हातो, अर्धा तिकडं. असा साफ सुटला, तं त्याचा अर्थ एकच. त्यानं काच धरलीच न्हाय. जोडायच्या आधी काच नीट बघितली न्हवती मी."

माझी टापटीप! पुरावा मीच पुसला होता, आणि पुसल्यामुळे तो त्याच्याविरुद्ध उभा राहिला होता.

"वैनी," तो मग आशेने म्हणाला, "पट्टी जोडली त्या दिवशी तुम्ही तेल लावला होता काय डोक्याला?"

देवाने एवढं मोठं दार उघडून दिलं होतं. "हो हो, लावलं होतं" म्हटलं असतं तर निदान चूक माझ्याकडे आली असती, निम्मं खोटं, निम्मं प्रायश्चित्त. पण मी ताठ मानेने काय म्हणाले? "मुळीच नाही! सीझन सुरू झाल्यापासून थेंब लावला नाही." त्या झाडूसारख्या केसांचा अभिमान मला त्या क्षणीही सोडवेना.

त्यानंतरचे चार दिवस. पुढे कितीतरी मोठी दुःखं पाहिली, पण त्या चार दिवसांइतकं अवघडलेलं मन मला क्वचितच आठवतं. यासीनने सगळी पेटी उसवली. नुसती पट्टी लावून चालणार नव्हतं, कारण ताणलेल्या बाकीच्या सांध्यांवर त्याचा विश्वास राहिला नव्हता. एकेक काच खरवडायची, पुसायची, पुन्हा जोडायची. तो प्रत्येक काच तीनतीनदा पुसे, उजेडात धरी आणि पुन्हा पुसे. मधूनच उठून गावात जाई. मला वाटे चहाला जात असेल. नंतर कळलं की त्याने आजवर दिलेल्या प्रत्येक पेटीपाशी तो जात होता. डॉक्टरांच्या दवाखान्यातली, शिंप्याच्या दुकानातली, बेकरीतली. प्रत्येक सांध्यावर अंगठा दाबून पाहायचा. दवाखान्यातली पेटी तर त्याने रिकामी करायला लावली. "लेकरं काचेला नाक लावून उभी र्‍हातात," म्हणाला.

काम करता करता त्याने मला ती पट्टी समजावून सांगितली. खोटं बोलल्यावर शिकवणी मिळते ती फार सावकाश मिळते. मी धीर करून म्हणाले होते, "पण यासीनभाई, एवढी बारीक पट्टी एवढ्या जाड काचांना टेकू देऊन देऊन किती देणार?"

त्याने हातातलं काम थांबवलं. "टेकू? वैनी, काचा आत पडत न्हायत. पानी त्यांना भायेर ढकलतं. तुम्ही नवरात्रात फुगडी घातलीत ना? दोघी मागं रेलता, हात धरता. ते हात टेकू असतात काय?"

"नाही."

"सुटले तं?"

"पडतो."

"आत का भायेर?"

आठच दिवसांपूर्वी देवीसमोर मी आणि शेजारची ताई मागे रेलून गरगर फिरलो होतो. हात किती ताणले जातात, खांद्यात कशी कळ येते, ते मला ठाऊक होतं. ज्याला मी आडवा पाट समजत होते, ती दोन काचांनी एकमेकींची धरलेली मनगटं होती. त्यांच्यामध्ये पाणी काही करत नाही. फुटत नाही, आपटत नाही. नुसतं दोघींना टेकून उभं राहतं, रात्रंदिवस, न कंटाळता. पुष्कळ घरांत असं एक माणूस मध्ये आडवं असतं. येणाऱ्याला ते खुपतं. जिन्यावरून बघणारा म्हणतो, हे नसतं तर किती मोकळं दिसलं असतं. त्याने काय ओढून धरलंय ते बाहेरून दिसत नाही. आमच्या घरात तशा सासूबाई होत्या, हे कळायला मला त्या गेल्यावरही दोन वर्षं लागली. पण ते असो.

तिसऱ्या दिवशी जुबेदा विहिरीवर आली. घागर न भरता उभी राहिली. "वैनी, हे जानार," म्हणाली. "म्हनतात, हात गेला माझा. तिथं मोठ्या साहेबाच्या हाताखाली करीन, तो तपासतो तरी. हितं माज्या एकल्याच्या भरवशावर कुनी पेटी ठेवायची न्हाय. शुक्रवारी नमाजनंतर एजंटाला फोन करनार हायत."

मी घरी आले. हे जेवत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी बोलत होते आणि मला ऐकणारा नको होता. यांनी ताकाचा शेवटचा घोट घेतला, हात धुतले आणि म्हणाले, "गाडी चुकीच्या फलाटाला लागली, तर मी माइकवर सांगतो. लाजत बसलो तर माणसं अलिबागऐवजी श्रीवर्धनला जातील." एवढंच. मग डुलकी काढायला गेले.

तरी मी एक दिवस घालवला. गुरुवार. चकलीची भाजणी भाजली, ती जाळली. यासीनला सांगायचं म्हणजे फक्त एक चूक सांगायची नव्हती. शेठला फुशारकीत दिलेला शब्द, मग पट्टी, मग खोटं, मग तेलाचं उत्तर, असं सगळं ओळीने सांगावं लागणार होतं. आणि गावात ते पसरणार होतं. "आम्ही बनवतो" म्हणणारी बाई! मनात मी स्वतःची समजूत घालत होते की आखातात तो चांगलाच राहील, पैसा येईल, रुबीना मोठ्या शाळेत जाईल. दुसऱ्याचं भलं बघायची एवढी तळमळ मला त्याआधी किंवा त्यानंतर कधी लागली नाही.

शुक्रवारी नमाज सुटायच्या वेळेला मी त्याच्या दारात जाऊन बसले. जुबेदाने पाणी दिलं. रुबीना ओट्यावर बसून शिंपल्यांची भातुकली मांडत होती. तो टोपी घडी करत आला आणि मला पाहून थबकला. "काय झालं? नवा जोड सुटला काय?"

"पेटी ठीक आहे," मी म्हणाले. "पट्टी सुटली नव्हती. मी कापली."

एकदा तोंड उघडल्यावर सगळं ओळीने बाहेर आलं. शेठ, टेकू, गवंडी, तंगूस, स्पिरिट, तेल. जुबेदा चुलीपाशी उभी राहून ऐकत होती. तिचा चेहरा इतका लाल झाला की मी तिच्याकडे बघणं सोडून दिलं. यासीन हातातल्या टोपीची घडी उलगडत होता. मी म्हणाले, "तुम्ही मला काय बोलायचं ते बोला."

तो म्हणाला, "तंगूसनं कापलात?"

"हो."

"ब्लेड घालून मग तंगूस?"

"हो."

"कवा सुरू केलात?"

मला प्रश्नाचा रोख कळेना. "सकाळी. आंघोळ झाल्यावर. आठ वाजले असतील."

"आनि पट्टी निघाली कवा?"

"हे जेवायला आले तेव्हा. एकची गाडी गेली होती."

तो पुढे वाकला. "आठ ते एक? दोन जोडांना?"

"मध्ये दोनदा दोरी तुटली," मी ओशाळून म्हणाले. "हाताला कापलं, म्हणून फडकं गुंडाळलं. एका टोकाला तर पाय लावून ओढावं लागलं."

"दाखवा हात."

मी दोन्ही हात पुढे केले. तर्जनीवर आणि मधल्या बोटावर दोरीचे लाल चर अजून तसेच होते. तो त्या चरांकडे असा बघत बसला, जसं कुणी परीक्षेचा निकाल वाचावा. मग त्याने मान वर केली, आणि त्या माणसाच्या तोंडावर जे आलं ते मी शब्दांत नाही सांगू शकत. चार दिवस मिटून ठेवलेलं काही तरी उघडलं.

"जुबेदा!" तो ओरडला. जुबेदा दोन हातांवरच उभी होती. "ऐकलास काय? पाच घंटे! बाईमानूस पाय लावून ओढतेय, दोनदा तंगूस तुटली, तरी माझा जोड सुटत न्हवता! पाच घंटे!"

जुबेदा म्हणाली, "आनि या बाईनं तुम्हाला चार दिस..."

"ते मागनं," तो म्हणाला. "ते मागनं भांडू. पाच घंटे, वैनी?"

"पाच," मी म्हणाले, आणि मग मला रडू कोसळलं.

त्याने फोन केला खरा, पण नाही म्हणायला. पेटी दिवाळीत जिन्याखाली उभी राहिली, मधल्या पट्टीसकट. शेठ कुरकुरले तेव्हा यासीनने मलाच पुढे केलं. "वैनी, शेठना सांगा, पट्टी का हाय." मी फुगडीपासून सगळं सांगितलं. माझी शिक्षा अशी सुरू झाली, आणि ती पुढे पंचवीस वर्षं चालली. कुणीही गिऱ्हाईक आलं आणि सांध्यावर नख टेकवून विचारायला लागलं, "हे टिकेल ना?" की तो पडवीतून हाक मारी, "वैनी, जरा भायेर या. यांना सांगा, किती वेळ लागला." मी हात पिठाचे असले तरी बाहेर येई आणि अख्ख्या गावासमोर माझा मूर्खपणा घड्याळासकट सांगे. त्याने त्यावरून कधी टोमणा मारला नाही. त्याची गरजच नव्हती. जुबेदा मारायची, ती दोघांना पुरून उरतील एवढे मारायची. ईदला शिरखुर्मा पाठवताना सांगून पाठवी, "वाटी परत द्या म्हनावं, कापू नका."

खिडकीवाला निघून गेला. सुनेने पंखा लावला, वास हळूहळू विरला. नात माझ्याजवळ येऊन बसली होती, म्हणून तिला हे सगळं सांगितलं. ती इंजिनियरिंगला आहे. शांतपणे ऐकून म्हणाली, "पण आजी, तू एकदा विचारलं असतंस तर?" मी म्हटलं, विचारणारी ती मी नव्हेच. पस्तिशीतल्या त्या बाईला मी आता ओळखते, पण तिच्याशी माझं फारसं पटत नाही. एकच गोष्ट तिची मला आवडते. ती त्या दारात जाऊन बसली. उशिरा बसली, भाजणी जाळून बसली, पण बसली.

यासीनभाई जाऊन आता काही वर्षं झाली. पेट्या रुबीना बनवते. लॉज वाढले, पेट्या मोठ्या झाल्या, काचा जाड झाल्या. मी इकडे मुलाकडे राहायला आले, तरी दिवाळीच्या आधी दोनतीनदा तिचा फोन येतोच. गिऱ्हाईक समोर उभं असतं. ती स्पीकरवर टाकते. "चाची, जरा सांगा यांना. अब्बांच्या जोडाचं."

मी घसा साफ करते आणि सांगते. परवा गिऱ्हाईक गेल्यावर ती हळूच म्हणाली, "चाची, पाच घंटे होते ना? तुम्ही आज दिवेलागणीपर्यंत नेलात."

"नेलं," मी म्हणाले. "तुझ्या बापाच्या विरुद्ध एकदा खोटं बोलले होते. आता त्याच्या बाजूने बोलते. तू पट्टी नीट लाव."